आधी खाते, मग खेळ : संगणकावर स्टीम बसवताना आणि ते अडल्यावर

आपल्या वसतिगृहात मोबाइल नाही आणि गेमही नाही. तरीही सुट्टीत घरी गेलेल्या कॅडेटच्या मागे पहिल्या दोन दिवसांतच एक काम लागते. "दादा, गेम उघडत नाही, जरा बघ ना." लष्करी शाळेत शिकतो म्हणजे याला सगळे येते, असा धाकट्या भावंडांचा समज असतो आणि तो मोडायची आपलीही फारशी इच्छा नसते. संगणकावर गेम विकत घेऊन उतरवण्याची जी सेवा आज सर्वांत जास्त वापरात आहे, तिचे नाव स्टीम. ती बसवायची कशी आणि अडली तर दोष कुठे शोधायचा, हे या लेखात सांगतो आहे. उदाहरण आमच्या रायपूरच्या घरातले घेतो, कारण २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मला तिथे जवळजवळ सगळेच प्रकार एकामागून एक पाहायला मिळाले.

आधी ही चीज काय आहे ते पाहू. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू केले, ते मुख्यतः स्वतःच्या गेममधील सुधारणा लोकांपर्यंत आपोआप पोहोचवण्यासाठी. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' हा त्यांचा गेम आला. लोकांनी दुकानातून खोका आणला, त्यातली डिस्क संगणकात घातली, तरी स्टीमवर खाते उघडल्याशिवाय गेम चालेना. त्या काळी पुष्कळांना याचा राग आला होता. पण खरा बदल तिथेच झाला. गेम डिस्कला न चिकटता खात्याला चिकटला. पुढे इतर कंपन्यांचे गेमही तिथे विकले जाऊ लागले आणि २०१५ पासून आपल्याकडे किमती रुपयांत दिसू लागल्या. ऑक्टोबर २०२४ पासून तर पैसे भरण्याच्या पानावरच स्पष्ट लिहिलेले असते की तुम्ही गेमचा वापर करण्याचा परवाना घेत आहात.

व्यवहारात याचा अर्थ असा की संगणकातील गेमच्या फाइली कितीही वेळा पुसल्या गेल्या तरी पुन्हा उतरवता येतात, पण खाते हातातून गेले तर त्यातले सगळेच गेम गेले. मी पाहिलेली बहुतेक मुले नेमके उलटे वागतात. ४० जीबीचा गेम उतरत असताना कोणाला संगणकाजवळ फिरकू देत नाहीत, आणि पासवर्ड मात्र वर्गातल्या चौघांना ठाऊक असतो.

रायपूरला माझे काका तात्यापाऱ्यात राहतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी घरे आहेत. आमचे त्या मानाने नवे, आजोबांच्या नोकरीमुळे आलेले. माझी चुलत बहीण आठवीत आहे आणि तिला 'राजी' हवा होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला हा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये स्टीमवर आला. त्यात राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधत निघते. भाऊबिजेच्या ओवाळणीचे पैसे बहिणीने बाजूला ठेवले होते, त्यात माझीही नोट होती.

अडचण काकूची होती. महादेव बेटिंग ॲपचे प्रकरण भिलाईतून निघाले तेव्हापासून त्या भागातल्या घरांत 'ऑनलाइन गेम' हे दोन शब्द उच्चारले तरी वातावरण बदलते. काकू म्हणाली, "अरे, सरकारनं बंद केलं ना हे सगळं? आणि तूच आता पोरीला शिकवून राहिला?" तिचा प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर इथेही देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. पुस्तक विकत घ्यावे तसा एकदा किंमत देऊन गेम घेणे आणि घरी खेळणे त्यात येत नाही. मात्र काही गेमच्या आत पुन्हा पैसे मागणाऱ्या पेट्या आणि नाणी असतात. 'राजी' तसा नाही, हे मी काकूला दुकानाच्या पानावर दाखवले. प्रत्येक गेमच्या पानावर उजव्या बाजूला ही माहिती असते. ती वाचून मग पैसे भरायचे.

आता बसवण्याबद्दल. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर स्टीमला आधार नाही, म्हणून आधी संगणकावर विंडोज १० किंवा त्यापुढची आवृत्ती आहे ना ते पाहावे. प्रोग्रॅम फक्त स्टीमपॉवर्ड डॉट कॉम या त्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहून उतरवावा. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर 'जाहिरात' असे लिहिलेला जो दुवा येतो, त्यावर घाईने बोट ठेवू नये. खाते उघडायला वय १३ पूर्ण लागते. बहिणीचे जूनमध्येच झाले होते.

ईमेल कोणता द्यायचा, यावर लोक दहा सेकंदही विचार करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या उभारणीत महत्त्वाचा निर्णय हाच. शाळेने दिलेला ईमेल कधीही देऊ नये. आपण शाळा सोडली की तो बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याचे पत्र त्याच पत्त्यावर जाते. ज्यांचे वडील सैन्यात आहेत त्यांच्या घरी बदलीबरोबर मोबाइल नंबरही बदलतो, त्यांनी नंबर बदलल्याच दिवशी खात्यातही बदलावा. आम्ही घराचा म्हणून एक ईमेल होता तो दिला.

नंतर येते स्टीम गार्ड. नव्या संगणकावरून कोणी लॉगिन करू लागला की पाच अक्षरांचा एक कोड मागितला जातो. तो ईमेलवर मागवता येतो किंवा स्टीमच्या मोबाइल ॲपमध्ये दिसतो. ॲपमधला कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, म्हणून तो जास्त सुरक्षित. पण ॲप कोणाच्या फोनवर? काका रोज भिलाईला जातात. त्यांच्या फोनवर ॲप ठेवले असते तर कोडसाठी दुपारी त्यांना ऑफिसात फोन लावावा लागला असता, आणि दोन दिवसांत कंटाळून कोणीतरी स्टीम गार्डच बंद करून टाकले असते. सुरक्षेची सोय गैरसोयीची झाली की माणसे ती काढून टाकतात. म्हणून ॲप काकूच्या फोनवर घातले. ॲप बसवताना 'आर' अक्षराने सुरू होणारा एक परतीचा कोड मिळतो. फोन हरवला तर तोच उपयोगी पडतो. तो त्याच फोनमध्ये छायाचित्र काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. आमचा कोड कागदावर लिहून काकाच्या बँकेच्या फाइलमध्ये, पासबुकाच्या मागे आहे.

काकूला आणखी एक गोष्ट आवडली. सप्टेंबर २०२४ पासून स्टीममध्ये सहा जणांपर्यंतचे कुटुंब करता येते. त्यात मोठ्यांना मुलांच्या खेळण्याची वेळ ठरवता येते, आणि मुलाने गेम मागितला की मंजुरी व पैसे मोठे देतात. काकूने रोजचा एक तास ठरवला. बहिणीने माझ्याकडे जे पाहिले त्याचे वर्णन करत नाही.

इथवर सारे सुरळीत झाले आणि संध्याकाळी संगणक बंद करून आम्ही जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण म्हणाली, "दादा, हे कनेक्टच नाही होऊन राहिलं." स्टीम उघडत होते, पण जोडणी होत नाही असा संदेश देऊन थांबत होते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो 'काढून टाक आणि परत बसव' हा. तो शेवटी करायचा उपाय आहे. शिवाय त्यात एक खड्डा आहे: स्टीम काढून टाकले की त्याच्या फोल्डरमध्ये उतरवलेले सगळे गेमही त्याबरोबर जातात. काढायचेच झाले तर आतला 'स्टीमॲप्स' नावाचा फोल्डर आधी दुसरीकडे हलवावा. फायरिंगला रायफल अडली तर उस्ताद आपल्याला ती खोलायला लावत नाहीत. मॅगझिन नीट बसले आहे का, चेंबरमध्ये काय आहे, असे क्रमाने पाहायला लावतात. इथेही तसेच. दोष चारपैकी एका जागी असतो: आपल्या संगणकात, घरच्या इंटरनेटमध्ये, पलीकडच्या सर्व्हरमध्ये किंवा खात्यात. कुठे आहे ते ठरवले की निम्मे काम झाले.

मी काकूच्या फोनवर त्याच वायफायने स्टीमचे दुकान उघडले. उघडले. म्हणजे इंटरनेट आणि पलीकडचा सर्व्हर दोन्ही सुटले. मग त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये बँकेचे पान उघडून पाहिले, तर तिथेही 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा. म्हणजे दोष स्टीमचा नाहीच, संगणकाचा आहे. खालच्या कोपऱ्यात तारीख पाहिली: १ जानेवारी, तीही दहा वर्षांपूर्वीची.

तारखेचा आणि जोडणीचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. सुरक्षित जोडणी करताना पलीकडचा सर्व्हर आपल्या संगणकाला एक प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असे लिहिलेले असते. आपल्या गेटवरचा संत्री आउटपासवरची तारीख पाहतो तसेच हे. आता संत्र्याच्याच मनात दहा वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर आजचा खराखुरा पास त्याला खोटा वाटणार आणि तो कोणालाच सोडणार नाही. संगणक तेच करत होता.

तारीख हाताने दुरुस्त केली, स्टीम लगेच जोडले गेले. पण मूळ कारण वेगळे होते. डेस्कटॉप बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा एक सेल मदरबोर्डवर असतो. काकांचा संगणक जुना, सेल संपलेला. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ मागे जाणार आणि रोज सकाळी तोच तमाशा. सेलवर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते आणि तो घड्याळजीकडेही मिळतो. संगणकाची वायर भिंतीतून काढून, हाताने आधी संगणकाच्या लोखंडी सांगाड्याला स्पर्श करून, जुना सेल काढला आणि नवा, अक्षरांची बाजू वर ठेवून, बसवला. घरात काका, आजोबा आणि शेजारचे एक गृहस्थ असे तिघे उभे राहून पाहत होते.

तिसऱ्या दिवशीची तक्रार वेगळी. गेम उतरवायला लावला, निम्मा झाला आणि वेग शून्यावर आला. "नेट गेलं," असे बहिणीने जाहीर केले. नेट गेलेले नव्हते. डाउनलोडच्या पानावर दोन गोष्टींचा आलेख दिसतो, एक इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीचा आणि दुसरा डिस्कवर होणाऱ्या लिखाणाचा. स्टीम गेमचे साधारण एक एमबीचे तुकडे करून, ते दाबून लहान करून पाठवते. आपल्या संगणकाला प्रत्येक तुकडा तपासावा, सोडवावा आणि योग्य फाइलमध्ये लिहावा लागतो. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर माल पुढे येऊन पडतो आणि गोदामात लावणारा माणूस मागे राहतो. मग स्टीम नवा माल थोडा वेळ थांबवते. इंटरनेटची रेघ खाली आणि डिस्कची रेघ चालू असेल, तर काहीही करू नये. दोन्ही रेघा सपाट झाल्या तरच दखल घ्यावी. तेव्हा सेटिंग्जमध्ये डाउनलोडच्या भागात जाऊन प्रदेश मुंबई किंवा आपल्याला जवळचे दुसरे भारतीय केंद्र आहे का ते पाहावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर 'क्लिअर कॅश' करावे. हे केल्यावर पुन्हा लॉगिन मागितले जाऊ शकते, म्हणून कोडवाला फोन घरात असतानाच करावे.

वेगाबद्दल काकांचीही तक्रार होती. ४० एमबीपीएसचे पैसे भरतो आणि इथे ५ दिसतात! कंपनी सांगते ते मेगाबिट, आणि पडद्यावर दिसत होते ते मेगाबाइट. आठ बिट म्हणजे एक बाइट, तेव्हा ४० भागिले ८ बरोबर ५. काकांना त्यांच्या पैशाचे पुरेपूर मिळत होते. कोणत्या एककात वेग दाखवायचा हे सेटिंग्जमध्ये बदलता येते.

त्याच दुपारी वीज गेली, ऐन डाउनलोडमध्ये. वीज आल्यावर गेम पूर्ण उतरला, पण उघडताना पहिल्याच चित्रावर बंद पडू लागला. यावर स्टीममध्येच चांगला उपाय आहे. लायब्ररीत गेमच्या नावावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, तिथे इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि त्यात फाइलींची सचोटी तपासण्याचे बटण. प्रत्येक तुकड्याची एक गणिती खूण सर्व्हरकडे असते. स्टीम तुमच्याकडच्या तुकड्यांची खूण काढून ताडून पाहते आणि जुळत नाहीत तेवढेच तुकडे पुन्हा आणते. आमच्या गेममध्ये दोनच फाइली बिघडल्या होत्या. पूर्ण गेम पुन्हा उतरवला असता तर अख्खी संध्याकाळ गेली असती. हा उपाय करूनही गेम बंद पडत राहिला, तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर पाहावा आणि अँटिव्हायरसने एखादी फाइल उचलून बाजूला ठेवली आहे का ते पाहावे.

संगणकाची ताकदच कमी पडत असेल तर मात्र यातला कोणताही उपाय चालत नाही. त्यासाठी परतीचा नियम माहीत असावा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. दोन तास म्हणजे गेम उघडा असलेला वेळ. सुरुवातीच्या पडद्यावर तो तसाच ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही धरला जातो. म्हणून घेतल्याच दिवशी चालवून पाहावा. 'राजी' आमच्याकडे चित्राची गुणवत्ता सर्वांत खाली ठेवल्यावर नीट चालला.

पण या सुट्टीतली खरी भीतीची गोष्ट कोणत्याही बिघाडाची नव्हती. पाचव्या दिवशी बहिणीला तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या खात्यावरून संदेश आला: आमच्या टीमला मत दे, हा दुवा उघड. दुवा उघडल्यावर स्पर्धेचे सुंदर पान आले आणि मत देण्यासाठी स्टीमने लॉगिन करा, अशी खिडकी. खिडकी हुबेहूब होती. वर पत्ताही बरोबर दिसत होता. तिने नाव टाइप केले होते, पासवर्ड बाकी होता, आणि "कोड पण मागेल का रे?" असे काकूचा फोन घ्यायला उठताना तिने विचारले म्हणून मला कळले.

अशी खिडकी ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तिला माउसने धरून ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून पाहावे. खरी खिडकी बाहेर येते. खोटी ही त्या पानावर काढलेले नुसते चित्र असते, ती चौकटीच्या कडेला अडकते किंवा कडेखाली नाहीशी होते. आमची अडकली. ही कसोटी पार पडली म्हणून पासवर्ड द्यावा असे मात्र नाही. कोणीही पाठवलेल्या दुव्यावरून लॉगिन करायचेच नाही, आणि क्यूआर कोड दाखवला तर तोही ॲपने टिपायचा नाही, हाच नियम आम्ही घरात ठेवला.

मी बहिणीला त्या मुलाच्या घरी फोन लावायला सांगितला. त्याचे खाते आदल्या रात्रीच गेले होते आणि त्याला ते ठाऊकच नव्हते. तो आजीकडे होता. त्याच्या नावाने वर्गातल्या सगळ्यांना तोच दुवा गेला होता. अशा वेळी स्टीमच्या मदतकेंद्रात, म्हणजे हेल्प डॉट स्टीमपॉवर्ड डॉट कॉमवर, खाते चोरीला गेल्याची नोंद करायची. खाते तुमचेच याचा पुरावा म्हणून पैसे भरल्याच्या पावत्या उपयोगी पडतात. त्याच्या वडिलांनी त्या ईमेलमध्ये जपून ठेवल्या होत्या. खाते परत मिळाले की आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा आणि मगच स्टीमचा. ईमेल चोराच्या हातात असेल तर स्टीमचा नवा पासवर्डही त्याच्याकडेच जातो. शेवटी सगळ्या उपकरणांवरून खाते बाहेर काढायची सोय आहे, ती वापरायची. बहिणीने वर्गातल्या बाकीच्यांना एकेक करून फोन केले. अकरा जण. त्यातल्या दोघींनी पासवर्ड दिलेला होता, पण स्टीम गार्डचा कोड अजून कोणाला दिला नव्हता, म्हणून त्यांची खाती राहिली.

निघण्याआधी दोन कामे उरली होती. काकांच्या लॅपटॉपवरही 'राजी' हवा होता. २०२३ पासून एकाच घरच्या जाळ्यावरील एका संगणकातून दुसऱ्यात स्टीम स्वतःच गेम नेते. दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करून, डेस्कटॉप चालू ठेवून, लॉपटॉपवर 'इन्स्टॉल' दाबले, आणि गेम इंटरनेटचा डेटा न खाता शेजारच्या खोलीतून आला. दुसरे काम ऑफलाइन वापराचे. बहीण सुट्टीचा शेवट आजोळी काढणार होती आणि तिथे नेट धड नाही. तिथे पोहोचून ऑफलाइन व्हायचा प्रयत्न करून उपयोग नसतो. नेट असतानाच लॉगिन करायचे, अपडेट पूर्ण होऊ द्यायचे, गेम एकदा उघडून बंद करायचा आणि मग स्टीमच्या मेन्यूतून 'गो ऑफलाइन' निवडायचे. लॅपटॉप पिशवीत भरण्यापूर्वी तिने हे चारही टप्पे माझ्यासमोर स्वतः करून दाखवले.